परसातील कोंबडी आणि शाळेचा विज्ञान प्रकल्प

कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुक्यातले बिद्री हे गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वपरिचित आहे. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू झाला, की गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर उसाने भरलेल्या गाड्यांची रीघ लागते. नेमक्या याच सुमारास परिसरातील शाळांमध्ये दुसरी एक लगबग असते, ती विज्ञान प्रदर्शनाची. तालुका पातळीवरील प्रदर्शन डोळ्यांसमोर ठेवून शिक्षक विषय शोधू लागतात, पालक थर्मोकोल व रंग खरेदी करू लागतात, आणि धूर ओकणारा ज्वालामुखी किंवा दिवे लागणारे धरण आणखी एका वर्षासाठी उभे राहते. त्या धरणापासून विद्यार्थी काय शिकला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर बहुधा पालकांना अधिक चांगले देता येईल.

या पार्श्वभूमीवर, घराच्या परसात फिरणाऱ्या गावठी कोंबडीकडे विज्ञानशिक्षणाचे साधन म्हणून पाहण्यासारखे आहे. तिच्यासाठी वेगळा खर्च लागत नाही, ती बहुतेक वस्त्यांवर असते, तिच्या सवयी मुलांच्या अंगवळणी पडलेल्या असतात. आणि तरीही तिच्याविषयी विचारता येतील अशा कितीतरी साध्या प्रश्नांची उत्तरे गावात कोणालाच नेमकी ठाऊक नसतात. मात्र कोंबडी हा सजीव प्राणी आहे, आणि ती कोणाच्या तरी मालकीची आहे. या दोन गोष्टींमुळे तिच्यावर आधारलेला प्रकल्प थर्मोकोलच्या धरणापेक्षा अधिक काळजीपूर्वक आखावा लागतो.

शिक्षण आणि परिसरातील उत्पादक काम यांची सांगड घालण्याचा विचार या भागाला नवा नाही. बिद्रीपासून जवळच असलेल्या गारगोटी येथे डॉ. जे. पी. नाईक यांनी मौनी विद्यापीठाची उभारणी केली. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे हे सुपुत्र पुढे कोठारी शिक्षण आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव झाले, आणि त्या आयोगाने शालेय शिक्षणात कार्यानुभवाला स्थान देण्याची शिफारस केली. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून माध्यमिक शाळांत गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात शेती व पशुपालन हा एक स्वतंत्र विभाग आहे. हाताने काम करता करता शास्त्र समजते, हा त्यामागील विश्वास होय. १९९३ पासून भरू लागलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान काँग्रेसनेही दहा ते सतरा वयोगटातील मुलांकडून स्थानिक प्रश्नांवरील प्रकल्पाचीच अपेक्षा ठेवली. मागणी अशी जुनी आहे. उणीव भासते ती आखणीची.

प्रश्न आधी, कोंबडी नंतर

‘कुक्कुटपालन’ हा प्रकल्पाचा विषय होऊ शकत नाही. तो पुस्तकातील धडा झाला. ‘आमच्या वस्तीवरील कोंबड्यांच्या खुराड्यात कोणती गादी अधिक कोरडी राहते?’ हा मात्र प्रकल्प आहे. कारण त्याला उत्तर आहे, ते मोजता येते आणि ते आधीपासून कोणी सांगून ठेवलेले नाही. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला प्रश्न असा नेमका करावयास शिकविणे, हेच शिक्षकाचे सर्वांत मोठे काम. बाकीचे पुष्कळसे काम विद्यार्थी स्वतः करतात.

प्रश्न कोठून येतो, याची दोन उदाहरणे शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावीत. नॉर्वे देशात १८९४ मध्ये जन्मलेला थॉर्लीफ शेल्डरूप-एबे हा मुलगा लहानपणी घरच्या कोंबड्या तासन्तास पाहत बसे. कोणती कोंबडी कोणाला टोचते आणि कोण कोणापुढे माघार घेते, याच्या नोंदी तो ठेवी. मोठेपणी त्याने त्यावर प्रबंध लिहिला, आणि १९२०च्या दशकाच्या आरंभी ‘टोचण्याची उतरंड’ ही कल्पना प्राणिशास्त्रात आली. कळपातील प्रत्येक कोंबडीचे स्थान ठरलेले असते, हे परसात दाणे टाकणाऱ्या आजीला पूर्वीपासून माहीत असेल. पण तिने ते वहीत मांडले नव्हते.

दुसरे उदाहरण जावा बेटावरचे. क्रिस्तियान आइकमान हे डच वैद्य तेथे बेरीबेरी या रोगाचे कारण शोधीत होते. १८९० च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेच्या आवारातील कोंबड्यांना चालता येईना. पाय लुळे पडू लागले. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हा असे आढळले, की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील उरलेला, पांढऱ्या सडीक तांदळाचा भात घातला जात होता. पुढे नवा आचारी आला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना देण्यास त्याने नकार दिला, आणि कोंबड्या पुन्हा कोंड्यासकट असलेल्या तांदळावर आल्या. या आचाऱ्याच्या शिस्तप्रियतेचे वैद्यकशास्त्रावर मोठे उपकार आहेत! आइकमान यांनी मग मुद्दाम प्रयोग करून तांदळाचा संबंध सिद्ध केला. मात्र पांढऱ्या तांदळात काही विष असावे व कोंड्यात त्यावरील उतारा असावा, असा त्यांचा पहिला तर्क होता. तो चुकीचा ठरला. कोंड्यात शरीराला आवश्यक असा घटक असतो आणि सडताना तो निघून जातो, हे गेरिट ग्रेन्स या त्यांच्या सहकाऱ्याने १९०१ मध्ये मांडले. हाच घटक आज ब१ जीवनसत्त्व म्हणून ओळखला जातो. आइकमान यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. निरीक्षण अचूक असूनही अनुमान चुकू शकते, आणि तसे चुकणे हे अपयश नव्हे, ही गोष्ट विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविण्यास याहून चांगली कथा सापडणे कठीण.

भात पिकविणाऱ्या या पट्ट्यातील मुलांना ती लगेच समजेल. परंतु आइकमान यांचा प्रयोग शाळेत पुन्हा करून पाहावा, असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये. त्याविषयी पुढे येईलच.

बगॅस, तूस आणि पाचट

बिद्री परिसरासाठी सुचविण्याजोगा एक प्रकल्प वर ओघाने आलाच आहे. कोंबड्या ज्या जागी रात्री बसतात तेथे खाली काहीतरी शोषून घेणारे पसरणे हितावह असते. मोठ्या कुक्कुटपालन केंद्रांतून याला गादी म्हणतात. विष्ठेतील ओल गादीने धरून ठेवावी आणि पुन्हा हवेत सोडावी, अशी अपेक्षा असते. गादी फार ओली राहिली तर तिच्यातून अमोनिया वायू सुटतो, कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात, पायांच्या तळव्यांना इजा होते आणि रक्ती हगवणीसारख्या रोगांना निमंत्रण मिळते. गादीतील ओलाव्याचे प्रमाण साधारणपणे २० ते २५ टक्के असावे, असे मानले जाते.

या परिसरात गादीसाठी तीन पदार्थ सहज उपलब्ध आहेत. भाताच्या गिरणीतील तूस, शेतातील उसाचे वाळके पाचट आणि कारखान्यातील बगॅस. बगॅस न मिळाल्यास गुऱ्हाळावरील वाळलेल्या चिपाडाचा चुरा. यांपैकी कोणता पदार्थ अधिक कोरडा राहतो? सर्वसाधारण अनुभव तुसाच्या बाजूचा आहे. पण तूस विकत घ्यावे लागते आणि पाचट पुष्कळदा शेतातच पेटवून दिले जाते. म्हणून या प्रश्नाच्या उत्तरात केवळ विद्यार्थ्यालाच नव्हे, तर त्याच्या आईवडिलांनाही रस असेल.

आखणी अशी करता येईल. जवळजवळ तेवढ्याच कोंबड्या असलेली तीन घरे निवडावीत. पहिल्या आठवड्यात एका घरच्या खुराड्यात तूस, दुसऱ्या घरी पाचटाचे बारीक तुकडे आणि तिसऱ्या घरी बगॅस, प्रत्येकी दोन इंच जाडीची गादी पसरावी. आठवडा संपताच गादी काढून खुराडे झाडून घ्यावे आणि पदार्थांची अदलाबदल करावी. तीन आठवड्यांत प्रत्येक घरी तिन्ही पदार्थ येऊन जातात. असे का करावयाचे, हे विद्यार्थ्याकडून वदवून घेतले पाहिजे. एका घरचे खुराडे पत्र्याचे असते, दुसऱ्याचे विटांचे. एखाद्या ठिकाणी ऊन पोहोचते, दुसरीकडे नाही. पदार्थ फिरविले नाहीत तर फरक पदार्थाचा की खुराड्याचा, हे कधीच कळणार नाही. कोंबड्यांना मात्र हलवावयाचे नाही. अनोळखी कोंबड्या एकत्र आल्या की त्यांच्यातील उतरंड नव्याने ठरू लागते आणि मारामारीत त्या जखमी होतात.

ओलावा मोजण्याची रीत सोपी आहे. आठवड्याच्या शेवटी खुराड्यातील पाच निरनिराळ्या ठिकाणांहून थोडी थोडी गादी घेऊन ती मिसळावी आणि त्यातील बरोबर १०० ग्रॅम वजन करून घ्यावी. वर्तमानपत्रावर पातळ पसरून ती कडक उन्हात वाळवावी. लागोपाठ दोन दिवसांचे वजन सारखे आले, की ती वाळली असे समजावे. १०० ग्रॅमचे ७६ ग्रॅम उरले तर ओलावा २४ टक्के होता. उन्हात वाळवून सर्वच पाणी जात नाही. तथापि तिन्ही पदार्थ एकाच रीतीने वाळविलेले असल्यामुळे तुलना बिघडत नाही. एखाद्या प्रयोगशाळेतील भट्टीत १०५ अंश सेल्सिअस तापमानाला नमुना वाळविण्याची सोय झाली तर ताडा पाहता येईल. साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेत बगॅसमधील ओलावा नित्यनेमाने मोजला जातो. मुख्याध्यापकांनी रीतसर पत्र देऊन अशी भेट ठरविल्यास विद्यार्थ्यांना आपल्या वर्तमानपत्रावरील प्रयोगाचे मोठे रूप पाहावयास मिळेल.

एक खबरदारी येथे नोंदविणे आवश्यक आहे. ढिगात पडून ओला झालेला, बुरशी आलेला बगॅस मुळीच वापरू नये. बुरशीच्या बीजाणूंमुळे पिलांना फुप्फुसाचा घातक विकार होतो, आणि अशा बगॅसची धूळ माणसाच्या फुप्फुसांनाही अपायकारक असते. बगॅस ताजा आणून दोन-तीन दिवस उन्हात खडखडीत वाळवावा. तो पसरताना नाकातोंडाला रुमाल बांधावा.

हंगाम, पाऊसमान आणि शाळेचे वेळापत्रक यांचा मेळ या प्रकल्पात चांगला बसतो. दिवाळीच्या सुटीनंतर बगॅस मिळू लागतो, पाऊस संपलेला असतो आणि प्रदर्शनापूर्वी तीन आठवडे सहज हाती लागतात. हाच प्रकल्प जुलैमध्ये करावयाचा म्हटले, तर नमुना वाळविण्यासाठी ऊन आणावयाचे कोठून?

रवणीवरचे एकवीस दिवस

मुलांना सर्वाधिक आकर्षण असते ते अंड्यातून पिलू बाहेर येण्याचे. विजेचा दिवा आणि खोके यांपासून उबवणी यंत्र तयार करण्याकडे म्हणूनच ओढा दिसतो. यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास सतत राखावे लागते, अंडी दिवसातून तीन ते पाच वेळा फिरवावी लागतात आणि हवेत पुरेसा दमटपणा ठेवावा लागतो. रात्री चार-सहा तास वीज गेली तर आतील जीव दगावतात. त्यापेक्षा खुडूक झालेली कोंबडी हे कितीतरी भरवशाचे यंत्र आहे. तिला वीज लागत नाही, थर्मामीटर लागत नाही, आणि अंडी कधी फिरवावयाची हे तिला कोणी सांगावे लागत नाही.

तिला रवणीला बसविल्यावर विद्यार्थ्याने नेमके काय करावयाचे? दहा अंड्यांवर शिसपेन्सिलीने क्रमांक घालावेत. बसलेली कोंबडी दिवसातून एकदा थोडा वेळ चारापाण्यासाठी उठते. निरीक्षण करावयाचे ते तेवढ्याच वेळात. अंड्याच्या कवचाला सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून आतील पाण्याची वाफ हळूहळू बाहेर पडते. त्यामुळे अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन सुमारे १२ टक्क्यांनी घटते. ४५ ग्रॅमच्या गावठी अंड्यात ही घट साडेपाच ग्रॅमच्या घरात जाते. किराणा दुकानातील काटा एका ग्रॅमपेक्षा कमी वजन दाखवीत नसेल, तर एकेका अंड्याचे रोजचे वजन घेण्यात अर्थ नाही. दहाही अंडी एकत्र तोलली तर ४५० ग्रॅममधून आठवड्याला सुमारे २० ग्रॅमची घट स्पष्ट दिसेल. साधनाची मर्यादा ओळखून मोजणीची रीत बदलणे, हे प्रकल्पातील एक महत्त्वाचे शिक्षण आहे. वर्गात ते फळ्यावर शिकविता येत नाही.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत, पुठ्ठ्याला पाडलेल्या छिद्रावर अंडे ठेवून खालून बॅटरीचा प्रकाश सोडला, की फळलेल्या अंड्यात रक्तवाहिन्यांचे कोळ्याच्या जाळ्यासारखे लाल जाळे दिसते. न फळलेले अंडे नितळ दिसते. ते काढून टाकावे. चौदाव्या दिवशी पुन्हा एकदा तपासावे. अठराव्या दिवसानंतर मात्र कोंबडीला आणि अंड्यांना हात लावू नये. एकविसाव्या दिवशी शाळेला सुटी असो वा नसो, पिले बाहेर येतात.

याच रवणीवर ‘ताजी अंडी अधिक फळतात की शिळी?’ असा प्रश्नही विचारता येतो. आठवड्याहून अधिक काळ ठेवलेल्या अंड्यांची उबवण क्षमता घटते, असा सर्वमान्य अनुभव आहे. पण येथे आकडेमोडीचा एक सापळा आहे. पाच ताज्या अंड्यांपैकी चार फुटली आणि पाच शिळ्यांपैकी तीन, तर विद्यार्थी मोठ्या अभिमानाने ८० टक्के विरुद्ध ६० टक्के असा स्तंभालेख काढतो. प्रत्यक्षात फरक एका अंड्याचा आहे. एक अंडे कोणत्याही कारणाने वाया जाऊ शकते. गावातील आठ-दहा घरांतील रवणींच्या नोंदी एकत्र केल्या, किंवा शेजारच्या दोन शाळांनी मिळून हे काम वाटून घेतले, तरच काही बोलता येईल. एकाच रवणीवरून निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला ‘अजून सांगता येत नाही’ हे वाक्य लिहावयास लावणारा शिक्षक खरोखरीच विज्ञान शिकवीत असतो.

आणि पिले जन्मल्यावर? हा प्रश्न अंडी ठेवण्यापूर्वी विचारावयाचा आहे. प्रदर्शन संपते, मुले परीक्षेच्या अभ्यासाला लागतात आणि आठ-नऊ पिले उरतात. घार, मांजर आणि मुंगूस यांच्यापासून त्यांना जपावे लागते. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही मानमोडी रोगावरील लस द्यावी लागते. मानमोडीला राणीखेत हे दुसरे नाव मिळाले ते कुमाऊँमधील गावावरून. गावात ती एकदा शिरली की खुराडीच्या खुराडी रिकामी होतात. लसीची कुपी बहुधा शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते. फोडल्यानंतर ती लवकर संपवावी लागते, त्यामुळे नऊ पिलांसाठी ती आणणे कोणालाच परवडत नाही. ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून गावातील सर्व घरांसाठी एकच दिवस ठरविला, तर ही अडचण सुटते. पंचायत सदस्यांना या प्रकल्पात करण्याजोगे काम आहे ते हे. उद्घाटनाची फीत कापण्यास दुसरे कोणीही चालेल. ज्या घरची कोंबडी रवणीला बसविली त्या घरीच पिले राहणार, की मुलांत वाटली जाणार, हेही अगोदर ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

मालकीण, आखाड आणि पाहुणे

ग्रामीण कुटुंबात कोंबड्यांचे उत्पन्न बहुधा घरातील बाईच्या हाती राहते. गावठी कोंबडी वर्षाकाठी साठ-सत्तर अंडी देते, आणि त्यांच्या विक्रीतून मुलांच्या वह्या, मीठमिरची, एखादे औषध असे किरकोळ खर्च भागतात. मुलाने ‘प्रयोगासाठी’ दहा अंडी बाजूला काढली, तर ती रक्कम तिच्या पदरातून जाते. म्हणून परवानगी घ्यावयाची ती तिची. कुटुंबप्रमुखाची सही पुरेशी नाही. शाळेला शक्य असल्यास अंड्यांची किंमत द्यावी.

आणखी एक व्यावहारिक मुद्दा. आखाडात, गावच्या म्हाईला किंवा अवचित पाहुणे आल्यावर निरीक्षणाखालील कोंबडी एकाएकी नाहीशी होण्याचा संभव असतो. याबद्दल कोणाला दोष देता येत नाही; कोंबड्या त्यासाठीच पाळलेल्या असतात. पण रोज नोंदी घेऊन जिला मुलाने नाव दिले आहे, तिच्या बाबतीत हा प्रसंग त्याला जड जातो. वडीलधाऱ्यांनी आधीच खरे सांगून ठेवणे बरे. नोंदवहीतही ‘कोंबडी क्र. ३ शनिवारी कापली’ असेच लिहावे, मागील नोंदी खोडू नयेत आणि पुढील रकान्यात कल्पनेने आकडे भरू नयेत.

जे करावयाचे नाही

आइकमान यांच्या धर्तीवर कोंबड्यांना अपुरा आहार देऊन परिणाम पाहणे, पाणी तोडणे, अंधारात कोंडणे, ध्वनिक्षेपकाच्या आवाजाचा अंडी देण्यावरील परिणाम तपासणे, फळलेली अंडी रोज एक फोडून वाढ दाखविणे, असे प्रकल्प शाळांनी मान्य करू नयेत. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील सतराव्या कलमात, पुस्तके, प्रतिकृती, चित्रफिती यांसारख्या साधनांनी काम भागत असेल तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, असे तत्त्व नमूद आहे. शिवाय अशा प्रयोगांचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालेले असते. भुकेली कोंबडी अंडी कमी देते, हे सिद्ध करण्यासाठी कोंबडी उपाशी ठेवण्याची गरज नाही.

याउलट कोंबडीला निवड करू देणारे प्रयोग निर्धोक असतात. दोन सारख्या भांड्यांत मका आणि तांदळाच्या कण्या ठेवून ती आधी कोठे जाते हे पाहणे, भांड्यांच्या जागा बदलून पुन्हा पाहणे, दाणे टाकल्यावर पंधरा मिनिटांत कोणी कोणाला टोचले याचा तक्ता करणे. हा तक्ता पायाला निरनिराळ्या रंगांचे सैल दोरे बांधून एका आठवड्यात तयार होतो.

गावातील कोंबड्यांच्या पायांच्या रंगांची गणनाही करण्यासारखी आहे. माणसाळलेल्या कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा होय. पण तिच्या पिवळ्या कातडीचे जनुक करड्या रानकोंबड्याकडून आले असावे, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. हा करडा रानकोंबडा सह्याद्रीत राहतो. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात त्याची आरोळी पहाटे ऐकू येते. वस्तीवरील शंभर कोंबड्यांपैकी किती पिवळ्या पायांच्या निघतात, हे मोजणाऱ्या मुलाला आपल्या परसाचा आणि समोरच्या डोंगराचा संबंध दिसू लागेल. मात्र पायाचा पिवळेपणा आहारावरही अवलंबून असतो. मका आणि हिरवा पाला मिळणाऱ्या कोंबडीचे पाय अधिक पिवळे, तर बरेच दिवस सलग अंडी देणारीचे फिके. म्हणून गणनेच्या तक्त्यात आहाराचा आणि अंड्यांचा रकाना हवाच. रानकोंबड्याची अंडी किंवा पिले जंगलातून आणणे हा वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही या ठिकाणी मुलांना सांगावे.

स्वच्छतेचे नियम थोडकेच, पण पाळले गेलेच पाहिजेत. कोंबडी, अंडी वा गादी हाताळल्यावर साबणाने हात धुणे, खुराड्यात खाणेपिणे टाळणे, वर्गात कोंबड्या न आणणे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पक्ष्यांमधील बर्ड फ्लूची पहिली नोंद झाली आणि तेथील लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथेही हा रोग आढळला. एकाच वेळी अनेक कोंबड्या मरू लागल्या तर त्यांना स्पर्श न करता प्रकल्प तेथेच थांबवावा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवावे. ज्या वस्तीवर एखादे मूल रोज कोंबड्या मोजून वहीत लिहीत असते, तेथे अशी मरतूक लपून राहण्याचा संभव कमी.

परीक्षकांच्या टेबलापाशी

प्रदर्शनात कोंबडी आणावयाची नाही, मग दाखवावयाचे काय, असा प्रश्न शिक्षकांपुढे पडतो. दाखवावयाची ती वही. तारीख, वेळ, हवामान, वजन, आणि ‘आज ताईने मोजले, मी आजारी होतो’ अशा शेऱ्यांसह ठेवलेली, कोपऱ्यांना माती लागलेली वही. तिच्याजवळ बरण्यांतून तीन प्रकारची वाळलेली गादी, नऊ नमुन्यांचा एक तक्ता आणि वापरलेला काटा ठेवला की मांडणी पुरी झाली. दुर्दैवाने पुष्कळ परीक्षक टेबलावरच्या रंगीत फलकापाशी थांबतात आणि वही उघडतही नाहीत. शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी परीक्षकांच्या बैठकीत वहीला स्वतंत्र गुण ठेवण्याची सूचना दिली, तर पुढच्या वर्षी थर्मोकोलची खरेदी आपोआप घटेल. परीक्षकांनी विचारण्यासारखे प्रश्नही साधे आहेत: कोणता आकडा तुला अनपेक्षित वाटला? कोठे चुकले? पुन्हा करावयाचे झाल्यास काय बदलशील? ज्याचे काम दुसऱ्याने केले आहे, त्याला या तीन प्रश्नांची उत्तरे पाठ करून येता येत नाही.

तिन्ही घरांतून काढलेली वापरलेली गादी फेकून द्यावयाची नाही. खड्ड्यात शेणाबरोबर ओलसर ठेवून दोन-तीन महिने कुजविली, की मार्चच्या अखेरीस, खोडव्याला खत देण्याच्या वेळी ती तयार होते. ताजी विष्ठा उसाच्या मुळाशी घालणे मात्र टाळावे. तिच्यातील अमोनियाने कोवळी मुळे करपतात.